एकादशीपासून मागे मोजलेली वाट

दिवाळीच्या सुमारास पुढच्या वर्षाचे कॅलेंडर घरात आले, की आमची माय पहिल्यांदा जून-जुलैची पाने उघडायला सांगायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण आषाढातली मोठी एकादशी कोणत्या चौकटीत आहे हे दाखवले की पुढचे काम तिचे ती करायची. त्या चौकटीवर बोट ठेवून ती उलटी मोजत यायची. तीन आठवडे आणि वर एखादा दिवस. मग म्हणायची, "इथं आपल्या गावात पालखी." शेगावहून मुक्कामांचे छापील पत्रक गावात येण्याच्या कितीतरी महिने आधी तिची तारीख ठरलेली असे. पत्रकातली तारीख आणि तिची तारीख यांत कधी एका दिवसापेक्षा जास्त फरक पडल्याचे मला आठवत नाही.

मी अडत दुकानात हिशेब लिहिण्यात आयुष्य घालवलेला माणूस. बारावीनंतर शिक्षण सुटले. पुढचे वाचन केले ते ग्रंथालयाच्या आणि रद्दीच्या भरवशावर. मायचे हे मोजणे मला बरीच वर्षे एक घरगुती सवय वाटत होती. गेल्या काही वर्षांत पालखीच्या मुक्कामांची पत्रके आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे जमवून पाहिली, तेव्हा लक्षात आले की ज्या रीतीने माय मोजत होती त्याच रीतीने ही सगळी वारी बसवलेली आहे. सातशे माणसे, तेहेतीस दिवस आणि सातशेहून अधिक किलोमीटरचा पायी प्रवास आखायचा कसा, तो घडवून कोण आणते, आणि आमच्यासारख्या मुक्कामाच्या गावाचा त्यात वाटा काय, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

वाट

जवळा बाजार हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. कापूस, सोयाबीन, हळद यांची ने-आण करणाऱ्या गाड्यांनी रस्ता कायम भरलेला. तीर्थक्षेत्र म्हणून गावाची ख्याती नाही. तरीही दर वर्षी शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना आमच्याकडे थांबते, याचे कारण भूगोलात आहे. औंढा नागनाथ आमच्यापासून वीसेक किलोमीटर मागे, तर परभणी तीसेक किलोमीटर पुढे. पायी चालणाऱ्या माणसाला औंढ्याहून परभणी एका दमात गाठता येत नाही. मध्ये कुठेतरी पाठ टेकावीच लागते.

शेगाव ते पंढरपूर हा मार्ग बुलढाणा, अकोला, वाशिम, हिंगोली, परभणी, बीड, धाराशिव आणि सोलापूर अशा आठ जिल्ह्यांतून जातो. नकाशावर दोन टोकांना दोरी ताणली तर ती या गावांवरून जाणार नाही. पालखी अकोला, पातूर, रिसोड, सेनगाव असे करीत नर्सीला येते, कारण नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. तिथून औंढा, कारण तिथे नागनाथ आहे आणि नामदेवांना विसोबा खेचर तिथे भेटले अशी परंपरा आहे. परभणीनंतर जनाबाईंचे गंगाखेड, मग परळी वैजनाथ, अंबाजोगाई, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर आणि शेवटी दामाजीपंत-चोखोबांचे मंगळवेढे. सर्वांत जवळचा रस्ता कोणता, यापेक्षा कोणाकोणाला भेटत जायचे, या विचाराने ही वाट आखलेली दिसते. परतीची वाट वेगळी आहे. ती कुर्डुवाडी, बार्शी, बीड, जालना, सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव अशी शेगावला जाते. म्हणजे आमच्या गावाला वर्षातून एकदाच संधी. त्या दिवशी काही राहून गेले तर ते परतीत भरून काढता येत नाही.

आधी गाडी, मग पाय

वारी प्राचीन असली तरी शेगावची ही पायी वारी फार जुनी नाही. गजानन महाराजांनी समाधी घेतली ती ८ सप्टेंबर १९१० रोजी. पालखीच्या पायी वारीची दर वर्षी जाहीर होणारी वर्षगणना मागे नेली, तर तिचा आरंभ १९६० च्या दशकाच्या अखेरीस येतो. त्या वेळी पंढरपूरला पायीच जावे लागे अशी परिस्थिती उरलेली नव्हती. शेगाव मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आहे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९०६ मध्येच पंढरपूरला पोचली होती. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढच्या वीस वर्षांत एसटीचे जाळे खेड्यापाड्यांत गेले.

जुन्या काळच्या वाटसरूला पायी जाण्यावाचून उपाय नव्हता. या वारीने पायी जाणे निवडले. निवडलेल्या प्रवासाला आखणी जास्त लागते. एकटा वाटसरू थकला तर थांबतो, वाट चुकला तर विचारतो, दोन दिवस उशिरा पोचला तरी कोणाचे अडत नाही. सातशे माणसे एकत्र निघाली की त्यांचे दमणे, जेवणे, झोपणे आणि आजारी पडणेही आधी गृहीत धरून ठेवावे लागते.

अशा आखणीचा मोठा दाखला आळंदीच्या पालखीचा. साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. त्यांनी १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला आजचे शिस्तबद्ध रूप दिले असे मानले जाते. दिंड्यांचा क्रम, चोपदारांचा इशारा, मुक्कामाचा तळ, अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे, या सगळ्यांत लष्करी कूच करण्याची सवय असलेल्या माणसाची नजर दिसते. शेगावच्या वारीत हीच शिस्त वेगळ्या प्रकारे उतरली. आळंदीच्या वाटेवर लाखो लोक मिसळत जातात. शेगावच्या पालखीत मात्र सुमारे सातशे वारकऱ्यांची ठरलेली संख्या असते. पताकाधारी, टाळकरी, सेवेकरी असे कामांचे वाटप असते. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या रांगा वळणावरून येताना दिसल्या की रस्त्यावरचे ट्रकही आपोआप कडेला होतात. ज्या काटेकोर व्यवस्थेसाठी शेगाव संस्थान आणि दिवंगत शिवशंकरभाऊ पाटील ओळखले जातात, तिचेच हे चालते रूप आहे.

मोजण्याच्या दोन रीती

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पंढरपूरच्या प्रवासात एकच गोष्ट हलवता येत नाही, ती म्हणजे आषाढ शुद्ध एकादशी. बाकी सर्व तिच्यावरून ठरते. पण कसे ठरते, याच्या दोन रीती मला आढळल्या.

पहिली आळंदीची. तिथे निघण्याची तिथीही ठरलेली आहे, ज्येष्ठ वद्य अष्टमी. दोन्ही टोके तिथीने बांधलेली. पण तिथी आणि दिवस यांची लांबी सारखी नसते. एखादी तिथी लोप पावते, एखादी दोन दिवस टिकते. त्यामुळे दोन ठरलेल्या तिथींमधले दिवस कमीजास्त होतात. २०२२ मध्ये आळंदीचे प्रस्थान २१ जूनला आणि एकादशी १० जुलैला होती, म्हणजे अंतर १९ दिवसांचे. २०२३ मध्ये ११ जून ते २९ जून, १८ दिवस. २०२४ मध्ये २९ जून ते १७ जुलै, पुन्हा १८. आणि २०२५ मध्ये १९ जून ते ६ जुलै, फक्त १७. मुक्कामांची गावे तीच, मग हा दिवसाचा फरक जिरतो कुठे? मुख्यतः लोणंदला. तिथला मुक्काम तिथीच्या क्षय-वृद्धीप्रमाणे लांबतो किंवा आखडतो. प्रवासाच्या आखणीत एक सैल गाठ मुद्दाम ठेवलेली आहे, आणि ती कोणत्या गावी आहे हे सर्वांना माहीत आहे.

दुसरी रीत शेगावची. तिच्या तारखा अशा आहेत. २०२२: प्रस्थान ६ जून, एकादशी १० जुलै. २०२३: २६ मे आणि २९ जून. २०२४: १३ जून आणि १७ जुलै. २०२५: २ जून आणि ६ जुलै. चारही वर्षांची वजाबाकी वाचकांनी करून पाहावी. प्रत्येक वेळी उत्तर ३४ येते. तेहेतिसाव्या दिवशी, दशमीच्या आदल्या दिवशी, पालखी पंढरपुरात पोचते. प्रस्थानाची तिथी ज्येष्ठ शुद्ध सप्तमीच्या अवतीभवती असते, पण या चार वर्षांत दिवसांचा आकडा हललेला नाही. एकादशीवर बोट ठेवायचे आणि चौतीस चौकटी मागे यायचे. माय नेमके हेच करीत होती. फक्त ती शेगावपर्यंत न जाता आमच्या गावाच्या चौकटीवर थांबायची.

या रीतीचा फायदा वाटेवरच्या गावांना होतो. दिवसांची संख्या पक्की असली की प्रत्येक मुक्कामाचे एकादशीपासूनचे अंतरही पक्के राहते. शेगावहून निघाल्यावर बाराव्या-तेराव्या दिवशी पालखी आमच्याकडे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पत्रकाची वाट पाहावी लागत नाही. आठ जिल्ह्यांतल्या गावांना एकमेकांशी न बोलता आपापली तारीख काढता येते.

एका दिवसाचे गणित

वाटेचे अंतर साधारण सव्वासातशे ते साडेसातशे किलोमीटर सांगितले जाते. तेहेतीस दिवसांनी भागले तर रोजचे बावीसेक किलोमीटर पडतात. पण अकोला, सोलापूर अशा मोठ्या शहरांत मुक्काम वाढतो, म्हणून प्रत्यक्ष चालण्याच्या दिवसाला अंतर थोडे जास्त येते. टाळमृदंगाच्या ठेक्यावर, रांगा न मोडता चालले तर तासाला साडेतीन-चार किलोमीटर होतात. म्हणजे दिवसाला सहा तास नुसते चालणे. ज्येष्ठाच्या उन्हात हे सहा तास सलग काढता येत नाहीत. म्हणून पहाटे निघायचे, दुपारी एका गावी जेवण आणि विसावा, संध्याकाळी दुसऱ्या गावी मुक्काम. एका दिवसाला अशी दोन गावे लागतात.

आता मुक्काम देणाऱ्या गावाच्या बाजूने पाहू. सातशे माणसांना माणशी तीन भाकरी धरल्या तर एकवीसशे भाकरी होतात. किलोभर ज्वारीच्या पिठाच्या दहा भाकरी धरा; दोनशे दहा किलो पीठ झाले. एक बाई एका चुलीवर तासाला तीस भाकरी थापते-भाजते असे मानले, तरी एकवीसशे भाकरींना सत्तर तास लागतात. ते काम चार तासांत उरकायचे तर अठरा चुली पेटायला हव्यात. आंघोळीला माणशी एक बादली, वीस लिटर पाणी धरले तर चौदा हजार लिटर होते. पहाटे तीन ते पाच या वेळेत हे पाणी हाताशी असावे लागते, त्यानंतर आले तर उपयोग नाही. पालखीबरोबर संस्थानाची वाहने, औषधोपचार, स्वयंपाकाची सोय असतेच. तरी गावात येणाऱ्या वारकऱ्याला गावाने जेवू घालायचे, ही गोष्ट गावे सोडत नाहीत. शिवाय दर्शनाला आसपासच्या खेड्यांतून येणारी माणसे वेगळी. त्यांचा आकडा कोणालाच आधी कळत नाही.

हे आकडे मी कागदावर मांडले. गावात ते कोणी मांडत नाही. ते माणसांच्या अंगवळणी पडलेले असतात.

तारीख सरकते तेव्हा

एकादशी हलत नाही असे मी वर म्हटले, ते पंचांगापुरते. इंग्रजी महिन्यांत आणि शेतीच्या हंगामात ती सारखी हलते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून एकादशी साधारणतः अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक मास पडला की अठरा-एकोणीस दिवस पलीकडे जाते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आषाढानंतर आला, म्हणून त्या वर्षी एकादशी २९ जूनला, लवकर आली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आषाढाच्या आधी येतो आहे, म्हणून एकादशी २५ जुलैला आहे. तीन वर्षांत सव्वीस दिवसांचा फरक.

गावासाठी हा फरक मोठा आहे. २०२३ मध्ये आमच्या मुक्कामाची तारीख ७ जूनच्या सुमारास, म्हणजे मृग लागता लागता येत होती. रान तापलेले, विहिरी तळाला गेलेल्या, बियाणे-खतासाठी माणसाच्या हातात पैसा नाही. पण शाळेला सुट्ट्या, त्यामुळे खोल्या मोकळ्या आणि पोरे कामाला हजर. उघड्यावर झोपले तरी चालते. त्या वर्षी चिंता एकच, पाण्याची. २०२६ मध्ये हीच तारीख ३ जुलैच्या आसपास येईल. तेव्हा आर्द्रा नक्षत्र संपत आलेले असेल. पेरण्या उरकून खुरपणी-कोळपणी सुरू असेल, म्हणजे बायकांना दिवसभर रानात काम. शाळा भरलेली. पाण्याची चिंता नाही, पण छपराची आहे. पत्रे, ताडपत्री, कोरडे सरपण आणि चिखलात टाकायला मुरूम लागेल. पाहुणा तोच, घरही तेच. पण दोन वर्षांची तयारी एकसारखी करता येत नाही. ज्यांनी वीस-पंचवीस मुक्काम पाहिले आहेत, त्यांना कोणत्या एकादशीला काय लागते हे ठाऊक असते.

इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती'तल्या 'वाटचाल' या लेखात आणि दि. बा. मोकाशी यांनी १९६४ च्या 'पालखी' या पुस्तकात वारीचे जे दर्शन घडवले, ते मराठी वाचकांना परिचित आहे. दोघेही स्वतः चालले आणि चालणाऱ्याच्या नजरेतून त्यांनी लिहिले. मुक्कामाच्या गावात चुलीपाशी बसलेल्या बाईच्या बाजूने पाहिलेली वारी माझ्या वाचनात मात्र आलेली नाही. तिला पालखी एक रात्र दिसते. पण त्या एका रात्रीसारख्या तेहेतीस रात्री कोणीतरी सांभाळल्या, तरच चालणाऱ्याची वाट पुरी होते.

दोन वर्षांचा खंड

२०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्या एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या. आमच्या गावावरून काहीच गेले नाही. २०२० च्या जूनमध्ये माय सकाळपासून ओट्यावर बसून होती. तिने तारीख काढून ठेवलेली होती. दुपारी म्हणाली, "बाबा, आज रस्ता लई मोठा दिसायलाय." पुढच्या वर्षी, दुसरा जून यायच्या आत, ती गेली.

२०२२ मध्ये पालखी पुन्हा आली. आमच्या गल्लीच्या वाट्याला नेहमीप्रमाणे भाकरी आणि पिठले होते. पीठ किती मळायचे यावर आमच्या घरातच अडले. माय पायलीने मोजायची आणि किती पायल्या हे तिच्या डोक्यात असायचे. आमच्या सौभाग्यवतींना आकडा आठवला, पण ती पायली कोणती हे आठवेना. घरात लहान-मोठी दोन मापे होती, आणि पायलीचे वजन तर गावागणिक बदलते. शेजारच्या काकू सांगू शकल्या असत्या, पण त्याही त्याच दोन वर्षांत गेल्या. शेवटी अंदाजाने केले. रात्री दहा वाजता शेवटच्या पंगतीला भाकरी कमी पडल्या आणि दुकान उघडायला लावून बिस्किटांचे पुडे आणले. वारकऱ्यांनी हसून घेतले. एक म्हातारे बुवा म्हणाले, "माउली, तेहेतीस दिवसांत एक रात्र बिस्किटाची चालते." मला मात्र रात्री झोप लागली नाही. अडत दुकानात दाण्या-दाण्याचा हिशेब लिहिणाऱ्या माझ्या घरात, चाळीस वर्षे चाललेला हा हिशेब कोणी लिहून ठेवला नव्हता.

त्यानंतर मी एक वही केली. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसून विचारत गेलो. एकादशी लवकर आली तर काय आणि उशिरा आली तर काय, टँकर कुठे उभा केला तर चिखल होत नाही, दोन पायल्यांपैकी मायची कोणती. (ती लहान होती. मोठीने मळले असते तर बिस्किटे लागली नसती. अंदाज करताना आम्ही धाकट्या मापावर मायचाही आकडा कमी केला होता.) २०२३, २०२४ आणि २०२५ या तीन वर्षांच्या नोंदी तारखेसह त्यात आहेत: किती पीठ, किती पाणी, किती माणसे, काय उरले, काय कमी पडले.

अलीकडे काही ठिकाणी मुक्कामाचा स्वयंपाक आचाऱ्याला ठरवून देतात. त्यात चूक नाही. माणसे कमी झाली, वेळ कमी झाला. पण आचारी पंगत वाढतो. कोणती तारीख आली म्हणजे गावाने काय तयारी करायची, हे त्याचे काम नाही. ते गावालाच माहीत असावे लागते. ज्यांचे गाव अशा एखाद्या पालखीच्या किंवा दिंडीच्या वाटेवर आहे, त्यांनी आपल्या घरातल्या जाणत्या माणसापाशी एक दिवस वही घेऊन बसावे, अशी माझी विनंती आहे.

परवाच २०२६ चे कॅलेंडर आणले. आषाढी एकादशी शनिवारी, २५ जुलैला. चौतीस चौकटी मागे आलो तर २१ जून, म्हणजे शेगावचे प्रस्थान त्या सुमारास. तिथून पुढे बारा, म्हणजे ३ जुलैला आमच्याकडे. पत्रक येईल तेव्हा ताडून पाहीन. वहीत लिहून ठेवले आहे: पत्रे, ताडपत्री, दोन ट्रॉल्या मुरूम. सरपण उन्हाळ्यातच भरून ठेवणे.